वसुधाचा डिप्लोमा आणि माझा आग्रह

वसुधाच्या परीक्षेच्या दिवशी घरीच थांबायचं, असं मी ठरवलं. (मी लॅबमध्ये जावं, असं तिने ठरवलं होतं. पण माझा स्वभाव पडला मदतीचा.)

साल चौसष्ट. जर्मनीत आखनला माझी पीएच.डी. पाच वर्षं रखडली होती आणि तेवढ्यात बायकोने गृहव्यवस्थेचा दोन वर्षांचा कोर्स संपवत आणला होता. शेवटची परीक्षा आमच्याच घरी. पास झाली की इस्पितळाच्या स्वयंपाकघरात नोकरी पक्की.

परीक्षक बाई, फ्राऊ लिंडनर, बाराच्या ठोक्याला हजर. त्यांच्यासह आम्हा तिघांचं जेवण वाढायचं होतं, माणशी दोन बटाट्याचे गोळे. कमी पडायला नको आणि उरायलाही नको.

"अहो, तुम्ही फक्त जेवा," वसुधाने बजावलं.

बाईंनी दोन्ही गोळे संपवले. पाहुणा समोर आणि ताटली रिकामी? मला राहवेना. माझा एक गोळा त्यांना वाढला. (उष्टा नव्हे, मी हातसुद्धा लावला नव्हता.)

"नाइन, डांके."

आता आपल्याकडे पहिल्या 'नको'ला कोण विचारतं? मी दुसराही वाढला. मग वसुधाचे दोन. मग तिघांचं पुडिंग. मला सासुरवाडीला असंच वाढतात आणि मी अजून जिवंत आहे.

पण युद्धातली उपासमार पाहिलेल्या बाई ताटलीत कणसुद्धा टाकत नाहीत, हे मला कुठे ठाऊक? मी वाढत होतो, त्या संपवत होत्या. वसुधा टेबलाखालून लाथा मारत होती. (मला वाटलं, शाबासकी.)

शेवटी बाई उठल्या आणि लगेच खाली बसल्या. चेहरा पांढराफटक. "मला जरा आडवं व्हायचंय," त्या कशाबशा म्हणाल्या.

"गेली माझी दोन वर्षं," वसुधा मराठीत पुटपुटली. तिचे डोळे भरून आले. मला स्वतःची खरंच लाज वाटली.

पण तिने पदर खोचला. बाईंना कोचावर निजवलं, खिडकी उघडली, गरम पाण्याबरोबर ओवा दिला, पोट शेकलं आणि मला जिन्यात उभं केलं.

तासाभराने आत बोलावलं, तेव्हा बाई वही उघडून बसल्या होत्या. "आल्झो... तर, पुढचा विषय रुग्णसेवा होता," त्या म्हणाल्या. "तो झाला. पूर्ण गुण."

वसुधा पहिल्या वर्गात पास झाली. डिप्लोमा मिळाला त्या दिवशी कोर्सच्या शाळेत जेवण होतं, व्यवस्था पास झालेल्यांकडेच. अभिमानाने छाती फुगवून मी गेलो, तर माझ्या नावाची चिठ्ठी पार कोपऱ्यातल्या टेबलावर. डावीकडची खुर्ची रिकामी, उजवीकडचीही रिकामी आणि समोर भिंत.

"फ्राऊ लिंडनरचा राग अजून गेला नाही वाटतं," मी वसुधाला म्हणालो.

"छे, त्यांचा काय संबंध? कुणाला कुठे बसवायचं, ते मी ठरवलंय," वसुधा म्हणाली. "डिप्लोमा आहे माझ्याकडे."