ओरोन्त्सोच्या रक्ताची प्रत

इटलीतल्या सालेन्तोच्या ऑलिव्ह उत्पादक सहकारी संघाने एकमताने ठराव केला की, यापुढे तेलाची प्रत उत्पादकाच्या रक्तावरून ठरेल. डब्यावर ‘तारुण्य टिकवणारे’ असे छापून झाले होते आणि परदेशी गिऱ्हाईक पुरावा मागत होते. तेलात भेसळ होऊ शकते, रक्तात होत नाही, असे अध्यक्ष स्कार्चा यांचे म्हणणे पडले. सबब प्रत्येक सभासदाने बोटातून एक थेंब द्यावा, यंत्राने त्यातले अँटिऑक्सिडंट मोजावेत. आकडा बावीसशेच्या वर गेला तर तेल पहिल्या प्रतीचे, खाली राहिला तर दिव्यात जाळायचे.

ओरोन्त्सो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. अजून शिडीशिवाय झाडावर चढतो, पाव तेलात बुडवल्याखेरीज त्याची न्याहारी होत नाही. त्याला कसली धास्ती? आकडा आला एकोणीसशे चाळीस.

“आजोबा, तुमचं तेल दिव्याचं,” यंत्रापुढे बसलेली मारिल्दा म्हणाली.

“अगं बाई, मग तेल तपास ना! चाखून बघ!”

“फॉर्मात तेलाचा रकानाच नाहीये.”

“आणि त्या स्कार्चाचा किती आला?”

“एकतीसशे.”

ओरोन्त्सो उडालाच. स्कार्चाला एक जिना चढला की धाप लागते. पोट सुटेल म्हणून तो तेलाला शिवत नाही. मात्र सकाळ-संध्याकाळ अँटिऑक्सिडंटच्या जर्मन गोळ्या गिळतो.

“मग तूही गीळ,” बायको अद्दोलोराता कडाडली. “साठ वर्षं राबलास ते काय दिवे लावायला?”

ओरोन्त्सोने गिळल्या, स्कार्चाच्या दुप्पट. तीन आठवड्यांत आकडा चौतीसशेवर! संघाने डब्यावर त्याचा हसरा फोटो छापला, खाली ठळक आकडा. फक्त त्याचे पोट असे बिघडले की तोडणीचा अख्खा हंगाम अंथरुणात गेला आणि फळे झाडांखाली कुजली. खिडकीतून ते बघताना म्हातारा ढसाढसा रडला.

“यंदा माझं तेलच नाहीये हो,” त्याने स्कार्चाला फोनवर सांगितले.

“प्रमाणपत्र आहे ना? मग झालं तर! तेलाचं काय, कोठारात पडलंय ढीगभर.”

कोठारात नापास सभासदांचे तेल पडून होते. गोळ्या न खाणाऱ्या, धाप न लागणाऱ्या एकोणचाळीस म्हाताऱ्यांनी हातांनी तोडलेल्या फळांचे. ते ओरोन्त्सोच्या डब्यांत भरले गेले. नियमात काहीच बाधा नव्हती, कारण रक्त ओरोन्त्सोचेच होते.

हे डबे तिप्पट भावाने आपल्याकडेही येतात. सकाळी रिकाम्या पोटी त्यातला चमचाभर घेणाऱ्यांनी तेलाची चिंता करू नये. तेल अस्सल आहे, नापासांचे आहे. खोटा आहे तो आकडा, आणि पैसे तुम्ही त्याचेच मोजलेत.