तिनाचे दोन झाले त्याची गोष्ट

बाळांनो, अशी कल्पना करा, की तुम्ही सात वर्षांचे आहात. ताटात गरम वरणभात आहे आणि बाबा पगाराची चिठ्ठी बघून ओरडतात, "अगं, आपल्यातलं एक माणूस कमी झालं!" उतरेल घास घशाखाली?

आमच्या नंदाचाही उतरला नाही. आणि ओरडणारा बाबा मी होतो.

खरं तर कागदपत्रांच्या बाबतीत माझा हात धरणारा न्यू जर्सीतल्या आमच्या अख्ख्या पार्सिपनी गावात कोणी नव्हता! सत्त्याऐंशी साली अमेरिकन सरकारने टॅक्सचे नियम बदलले आणि प्रत्येक नोकरदाराला नवा डब्ल्यू-फोर फॉर्म भरायला लावला. फॉर्म सोपा. लग्न झालंय का आणि घरात खाणारी तोंडं किती, एवढंच सांगायचं. तोंडं जास्त, तर पगारातून टॅक्स कमी कापतात. बाकीच्यांनी तो कॉफी पितापिता खरडला. मी मात्र पितृपक्ष संपेपर्यंत थांबलो. घटस्थापनेला आंघोळ करून आकडा लिहिला, तीन. फॉर्म देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि मुदतीच्या आत ऑफिसात दिला.

आणि आता चिठ्ठीवर तिनाच्या जागी दोन!

मी दिगंबरला फोन लावला. हा आमच्या मंडळाचा खजिनदार. त्याला माहीत नाही अशी गोष्ट अजून जन्मायची होती.

"श्रीराम, घाबरू नकोस," तो म्हणाला. म्हणजे घाबरण्यासारखंच काहीतरी असणार! "उन्हाळ्यात तुम्ही इंडियाला, नागपूरला गेला होतात ना? पोरगी जाताना मोजली, येताना मोजायची राहिली. कॉम्प्युटर आहे यार! त्याच्या लेखी ती अजून तिकडेच आहे. प्रूफ गोळा कर. मिळेल तेवढं!"

"अहो, काय म्हणाले?" पद्मजाने विचारलं.

"नंदा नागपुरात आहे म्हणे."

"नागपुरात? ती इथे भात चिवडतेय!"

नंदाने मान वर केली. "बाबा, द मिसिंग वन... इज इट मी?"

"छे गं, काहीतरीच!" मी म्हणालो. पण आवाज असा चिरकला, की कोंबड्यालाही लाज वाटावी.

शनिवार-रविवार कसे गेले, विचारू नका. पोळी वाढली की नंदा विचारायची, "कॅन आय हॅव वन? ऑर इज इट फॉर टू पीपल?" पद्मजा माझ्याकडे बघायची. मी पोळीकडे बघायचो.

सोमवारी सगळे माझ्या ऑफिसला निघालो. पिशवीत नंदाचा जन्मदाखला, लसींचं कार्ड, तीन प्रगतिपुस्तकं, बारशाचे फोटो आणि काडेपेटीत तिचा पडलेला दुधाचा दात. शिवाय परकर-पोलकं घालून, कपाळावर मोठी लाल टिकली लावून, साक्षात नंदा!

पगाराचे हिशेब सांभाळणाऱ्या डोरोथीबाईंच्या टेबलावर मी सगळं मांडलं. "ही आमची मुलगी. सध्या न्यू जर्सीतच असते."

बाईंनी दाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग खणातून दोन बोटांच्या चिमटीत एक कागद काढला.

"हा तुमचाच ना? यावर कुणीतरी हॉट डॉग खाल्लाय. इथे मस्टर्ड, आणि केचप बरोबर आकड्यावर! वाचता येईना, म्हणून नवा फॉर्म द्या अशी चिठ्ठी मी तुम्हाला पाठवली. उत्तर नाही. धड फॉर्म आला नाही, तर लग्न झालेल्यांचे दोन धरायचे. नियमच आहे."

चिठ्ठी आली होती. ऑफिसातल्या ऑफिसात फिरणारं ते पाकीट मी न उघडता फाइलीला लावलं होतं. तारीखवार!

"अहो," पद्मजा अगदी हळू म्हणाली, "मस्टर्ड म्हणजे हळद ना?"

मी बुटांच्या नाड्या तपासू लागलो.

डोरोथीबाईंनी कोरा फॉर्म पुढे केला. वरचं सगळं मी भरलं. आकड्यापाशी थांबलो आणि पेन नंदाला दिलं. जीभ बाहेर काढून तिने तीन लिहिला, चौकट भरून. तीन दिवसांनी माझा जीव भांड्यात पडला.

"आता हा खराब करू नका हं," म्हणत बाईंनी हात पुढे केला.

पण नंदाने कागद सोडला नाही. तिने कपाळावरची टिकली सोलून काढली, त्या तिनाच्या बरोबर मधोमध ठेवली आणि अंगठ्याने घट्ट दाबली.

"नाऊ दे विल नो इट्स मी!"