सारंगकाकांची रिकामी पेटी

कुणाकडे बाळ जन्मलं की लोक झबलं-टोपडं घेऊन जातात. रत्नागिरीत माझ्या सासुरवाडीच्या शेजारी राहणारे सारंगकाका रिकामी पेटी घेऊन जातात. पत्र्याची, हिरवी, कोपरे चेपलेली. ती ते खांद्यावरून आणतात, बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी ठेवतात, झाकण उघडतात आणि म्हणतात, "ह्यात मावेल तेवढंच लागतं. बाकी भार."

नाव त्यांचं दत्ताराम, मूळचे दाभोळचे. सगळी नोकरी मालवाहू बोटींवर झाली. शेवटी खलाशांचे मुकादम, म्हणजे सारंग होऊन उतरले आणि ती पदवी त्यांच्याबरोबर घरी आली. बोटीवर माणसाच्या वाट्याला एक पेटी येते आणि तेवढ्यात त्याचा संसार भागतो, हा त्यांचा सिद्धांत. बायको गेल्यापासून एकटेच असतात. घरात खुर्ची एक. पाहुणा आला की पाहुणा खुर्चीवर आणि काका उंबऱ्यावर. लग्नातलं तिसरं पक्वान्न, पुढाऱ्याचं भाषण, माझ्या मेहुण्याची दाढी, या सगळ्याला त्यांच्याकडे शब्द एकच, भार.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी मंडणगडचा, नोकरी मुंबईत, आणि बायकोचं पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे तिच्या माहेरी. मुलगी झाल्याचा फोन आला आणि मी तडक दुकानात शिरलो. आपण काही रोज तिच्याजवळ असणार नाही, निदान वस्तूंना तरी कमी पडू नये, असं मनात होतं. बारशाच्या आदल्या दिवशी रिक्षा दारात थांबली तेव्हा आधी खोकी उतरवावी लागली, मग मी दिसलो.

खोक्यांच्या मागोमाग पेटी आली.

"हं, दाखवा जावईबुवा," म्हणून काका उकिडवे बसले.

पहिला निघाला एक गुबगुबीत पांढरा डबा. काकांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "हा काय करतो?"

"बाळाला पुसायचे ओले कागद गरम ठेवतो. अंगाला गार लागू नये म्हणून."

"मे महिन्यात? रत्नागिरीत?" काका सासूबाईंकडे वळले. "वैनी, दुपारी तुमच्या टाकीतलं पाणी कसं असतं?"

"चहा टाकावा असं," सासूबाई म्हणाल्या.

"भार."

विजेवर झुलणारा पाळणा भार, कारण वीज जाते आणि दोरी कुठे जात नाही. चाकांची चालनगाडी भार. "पोर पडेल, उठेल, चालेल. चाकं कशाला हवीत?" रांगताना बाळाच्या गुडघ्यांना बांधायच्या गाद्या मी दाखवल्या तेव्हा ते नुसते माझ्याकडे दयेने बघत राहिले.

पेटीत गेली सासूबाईंच्या जुन्या सुती साड्यांची दुपटी, लंगोट, तापमापक आणि वापरलेली झबली. पहिलं झबलं दुसऱ्या बाळाच्या अंगावरून आलेलं घालायचं, अशी यांच्याकडे रीत. ती झबली काका स्वतः घरोघर फिरून गोळा करतात आणि धुऊन, उन्हात वाळवून आणतात. आमच्या लेकीच्या वाट्याला आलेलं पिवळं झबलं समोरच्या इमारतीतल्या, आता कॉलेजात जाणाऱ्या मुलाचं होतं. मला आधी कसंनुसं झालं. हातात घेतलं तर सायीसारखं मऊ, आणि मी आणलेल्या फ्रॉकच्या झालरी टोचत होत्या.

बोटभर लांबीचे लाल बूट निघाले. ते काकांनी बराच वेळ तळहातावर धरले आणि मग भार म्हणाले, पण हळू.

शेवटी कॅमेरा. "हा पाळण्यावर लावायचा. मुंबईत बसून मला बाळ दिसेल," मी सांगितलं. "परवा सकाळी निघायचंय ना."

काका भारसुद्धा म्हणाले नाहीत. पेटी तिथेच ठेवून उठले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी बारशाला लेक या हातातून त्या हातात फिरत होती. काका दाराशी उभे होते, दोन्ही हात पाठीमागे. माझी बायको मानसी म्हणाली, "ते कुणाचंच बाळ घेत नाहीत. माझे हात खरखरीत आहेत म्हणतात."

पाहुणे गेल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उंबऱ्यावर टेकले.

"माझी सुमन झाली तेव्हा मी बोटीवर," ते म्हणाले. "घरी यायला मिळत होतं. म्हटलं, रिकाम्या हातानं काय जायचं? एका बोटीवरनं उतरलो नि दुसरी धरली. बंदर लागलं की खेळणी घे, फ्रॉक घे. हीच पेटी, गच्च भरली. घरी आलो तर पोर अंगणात पळत होती. बूट पायात जाय नाय. फ्रॉक बसेनात. मला बघून जी रडायला लागली ती गप होईना. जवळ घेतली की रडायची. आईच्या मागे लपून विचारायची, हे काका कधी जाणार?"

"मग?"

"मग काय, रजा संपली. गेलो."

सुमनताई पुण्यात असतात. नेमाने फोन करतात, तब्येतीची चौकशी करतात, पाहुण्याची करावी तशी. "तिचा काय दोष," काका म्हणाले आणि माझा दंड धरून मला घरी घेऊन आले. पेटीशेजारी उभं केलं.

"वैनी, हे पेटीत मावत नाय," ते सासूबाईंना म्हणाले. "पण लागतात."

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. महिन्याची बिनपगारी रजा कुरकुर करत का होईना, मिळाली. कॅमेरा दुकानात परत गेला. लेक पहिल्यांदा हसली ती माझ्या मांडीवर, आणि त्याबद्दल मी या माणसाचा जन्मभर ऋणी आहे.

पण हसू पुढचं. त्या दुपारी मी फोन ठेवला तर मानसी बाळाला घेऊन खोलीतून बाहेर येत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"काका, पेटीत तुम्ही तरी कुठे मावता?"

"मानू, नको गो. रडेल ती."

त्यांचे हात पाठीमागे जायच्या आत तिने बाळ त्यांच्या हातांत दिलं. काका तसेच खाली बसले, ताठ, श्वाससुद्धा जपून घेत. लेकीने डोळे उघडले, त्यांच्याकडे पाहिलं, एक जांभई दिली आणि पुन्हा झोपली.

काका आमच्यापैकी कुणाकडेही न बघता म्हणाले, "रडली नाय."