चाँदसरांचा शेजार

फोल्डर उघडायच्या आधी चाँदसर कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे. एकदा वाजवायचे, थोडं थांबायचे, पुन्हा एकदा वाजवायचे. मग मला म्हणायचे, "हं, उघडा आता."

पहिल्यांदा मला वाटलं, पडद्यावर माशी बसली असेल. दुसऱ्यांदा मी म्हणालो, "सर, ते माऊसनं उघडतं."

"ठाऊक हाय मला. पण कुणाच्या दारात असं धाडकन घुसायचं असतंय का, दिलीपराव? आई-बापानं काई शिकवलं का न्हाई?"

लातुरात क्लासेसच्या गल्लीत माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला गावोगावची पोरं इथं येतात, आणि त्यांच्या नोट्स माझ्या मशीनमधून गरम गरम निघतात. रांगेतली पोरं चाँदसरांना बघून फिदीफिदी हसायची. "काका, आजोबा कुणाचं दार वाजवायलेत?" सर मागं न बघता म्हणायचे, "तुझ्या सासऱ्याचं. न्हाई म्हणायलेत ते."

चाँदपाशा पटेल हे त्यांचं पूर्ण नाव. नांदेडच्या एका शाळेत हिंदी शिकवून रिटायर झालेले. स्वतःची ओळख करून देताना म्हणायचे, "मी हिंदीचा मास्तर, उर्दूचा लेक आन मराठीचा शेजारी." लातूरला ते शमीमकडं, म्हणजे त्यांच्या भाचीकडं राहायचे. माझ्या दुकानाच्या मागच्या बोळात ती क्लासच्या पोरींसाठी मेस चालवते. सरांचं स्वतःचं म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं. औशाकडच्या एका गावात त्यांचं घर होतं. भूकंपात आई आणि बायको तिथं गेल्या. सर त्या दिवशी नोकरीच्या गावी, नांदेडला होते. एवढंच मला माहीत होतं. आमच्या भागात याच्यापुढं कुणी कुणाला विचारत नाही.

ते पहिल्यांदा दुकानात आले ते छातीशी एक जाड अल्बम धरून. आत पोस्टाची तिकिटं. अल्बमला वाळवी लागली होती. पान उलटलं की मातीची बारीक रांगोळी काउंटरवर पडायची.

"याचे फोटो काढून कॉम्प्युटरात घालायचे. पण जसंच्या तसं. इकडचं तिकडं व्हायचं न्हाई."

स्कॅनिंगला बसले की सरांचे कायदे सुरू. आधी हात धुवायचे, माझेसुद्धा. स्कॅनरची काच त्यांच्याच धुतलेल्या रुमालानं पुसायची. झाकण आपटायचं नाही, 'निजलेल्या लेकरावर पांघरूण घालतात तसं' सोडायचं. आणि एखादं तिकीट वाकडं चिकटलेलं असलं तर ते सरळ करायचं नाही.

"सर, एवढं एक सरळ करू का? एका क्लिकचं काम आहे."

"नगा. ते तिरकंच हाय."

"पण दिसायला बरं दिसेल."

"दिलीपराव, तुमचं नाक बी थोडं डावीकडं हाय. मी कधी बोललो?"

मला तिकिटांतलं काही कळत नाही. पण तो अल्बम म्हणजे गोंधळ होता, एवढं मलाही कळत होतं. हंगेरीचा पैलवान, त्याच्या शेजारी कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, त्याला लागून जपानचा बगळा, खाली भारताचा हापूस आंबा. मध्येच कुठं एका तिकिटाची जागा मोकळी सोडलेली. ना देश, ना साल, ना आकार. फोल्डरला नाव काय देऊ म्हणून विचारलं तर म्हणाले, "लिहा, गल्ली पहिली." मग गल्ली दुसरी, तेल्याची गल्ली, मशिदीमागची गल्ली. मला वाटलं, हिंदीच्या मास्तरांना असली उपमा सुचणारच.

एकदा मी विचारलं, "सर, हे लावलंय कशाच्या हिशेबानं?"

"शेजार बघून."

"म्हणजे?"

"म्हणजे शेजार बघून. मराठीतच बोलायलो ना मी?"

सगळी पानं स्कॅन झाली. तोवर वाळवी अल्बमच्या पाठीपर्यंत गेली होती. सरांनी चिमट्यानं एकेक तिकीट सोडवून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं, आणि अल्बम शमीमनं मेसच्या चुलीत घातला. मी म्हणालो, "आता निवांत झालात." सर म्हणाले, "हाव. कागदाची वाळवी गेली." मग कपाळावर बोट ठेवून म्हणाले, "इथली चालू हाय. म्हणून घाई केली."

मी हसलो. त्यांच्या बोलण्यावर हसायची सवयच लागली होती. शमीमनं नंतर सांगितलं, की मामू हल्ली मशिदीतून परत येताना बोळ चुकतात, आणि तिला तिच्या आईच्या नावानं हाक मारतात. डॉक्टर म्हणाले होते, हे वाढत जाणार.

पुढं सर काही दिवस नांदेडला जुन्या सहकाऱ्याकडं राहायला गेले. परीक्षा संपून गल्ली ओस पडली होती. मशिनी गप्प. आणि माझ्या मनात आलं, की म्हाताऱ्याला एक सुखद धक्का द्यावा.

या गल्लीत माझं नाव आहे ते एकाच गोष्टीसाठी. कसलाही पसारा द्या, मी तो लावून देतो. दहा सरांच्या नोट्स द्या, मी धड्याप्रमाणं, गुणांप्रमाणं, सोप्या-अवघडाप्रमाणं लावून देतो. आमच्या लातुरात माणसंसुद्धा अशीच लावतात. मार्कांप्रमाणं बॅच, बॅचप्रमाणं बाक. तर मी बसलो. प्रत्येक पानातून एकेक तिकीट कापून वेगळं केलं. वाकडी होती ती सरळ केली. डाग काढले, रंग उजळले. रिकाम्या जागा तर आपोआपच गेल्या. भारत, भूतान, हंगेरी, जपान असे फोल्डर केले, आत साल. इतकं देखणं काम मी जन्मात केलं नव्हतं. शेवटी जुनी पानं तेवढी अडगळीसारखी दिसायला लागली, डिस्कही भरत आली होती. ती मी पुसून टाकली. रिसायकल बिनसुद्धा साफ केलं. टापटीप म्हणजे टापटीप.

सर परत आले, खुर्चीत बसले, टकटक केली. मी फोल्डर उघडला आणि त्यांच्या तोंडाकडं बघत उभा राहिलो. बक्षीस मिळणार असल्यासारखा.

बोटानं खूण करत त्यांनी एकेक फोल्डर उघडायला लावला. मग हळूच म्हणाले, "हे कुणी केलं?"

त्यांचा आवाज ऐकला आणि माझी जीभ फिरली. म्हणालो, "व्हायरस आला, सर. आपोआप झालं."

"आपोआप? देशाप्रमाणं?"

"हो."

"आत पुन्हा सालाप्रमाणं?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "लई शिकलेला व्हायरस दिसतोय. तुमच्या गल्लीतूनच पास झाला असंल."

एवढं बोलून ते उठले. दारात त्यांचा तोल गेला, चौकट धरून थांबले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "सरकारनं बी आमचं असंच केलं होतं."

दुसऱ्या दिवशी शमीम दुकानात आली. डोक्यावरची ओढणी सारखी करत म्हणाली, "मामूनं जेवण सोडलंय. तुम्ही काय केलंय ते सांगंनात. पण काय केलंय, हे तुम्हाला तरी ठाऊक हाय का?"

आणि तिनं सांगितलं. भूकंपाच्या आधी मामूनं एक तिकीट जमवलेलं नव्हतं. गाव पडलं, मग सरकारनं दूर माळावर नवं गाव बांधलं. सरळ रस्ते, सरळ ओळी, जमीन किती त्याप्रमाणं लहान-मोठी घरं. जुना शेजार पार विस्कटला. ज्याच्या चुलीवरनं विस्तू आणायचा तो कुठल्या कुठं गेला. मामू तिथं काही दिवस राहिले, रोज जुन्या गावच्या ढिगाऱ्यात जाऊन बसायचे. मग नांदेडला परतले आणि शाळेत येणाऱ्या टपालावरची, पोरांच्या संग्रहातली तिकिटं मागायला लागले. एकेक तिकीट म्हणजे एकेक घर. जसं गाव होतं तसंच लावलेलं. तिरकं घर तिरकं, पडीक जागा मोकळी.

"गाव कसं होतं हे सांगणारे हाईत अजून," शमीम म्हणाली. "पण कोणतं तिकीट कोण, ते फक्त मामूच्या डोक्यात. ते डोकं चाललंय म्हणून तर तुमच्याकडं आणलं होतं."

मी हार्डडिस्क काढून ओळखीच्या माणसाकडं नांदेडला घेऊन गेलो. त्यानं खूप खटपट केली. पण मधल्या काळात नव्या बॅचचं काम सुरू होऊन पुसलेल्या जागेवर नव्या नोट्स बसल्या होत्या. काही पानं अर्धी आली, खाली करडा पट्टा. तेल्याच्या गल्लीच्या जागी फिजिक्सची गणितं निघाली.

मग मी शमीमकडं जाऊन म्हणालो, सर सांगतील तसं गाव पुन्हा बसवू, आणि रविवारची दुपार आम्ही ठरवून टाकली. स्कॅनरशेजारी सरांची खुर्ची, पडद्यावर कोरं पांढरं पान, कडेला सुटी तिकिटं. सर बोट दाखवायचे, मी तिकीट उचलून ठेवायचो. सुरुवातीला ते सपासप सांगायचे.

"हा पैलवान कुणाय? धोंडूमामा. तालमीत कधी गेला न्हाई, पण चालायचा असा. पहिल्या गल्लीत तोंडाशी. हा बगळा रुक्मीणबाई, एका पायावर उभी राहून भांडायची. आंबा? आंबा देशपांड्यांचा. दारात झाड होतं आन एक आंबा कुणाला दिला न्हाई बामनानं."

स्वतःच्या घराला त्यांनी एक लहानसं तिकीट दिलं होतं. शिक्का इतका काळा बसलेला, की खालचं चित्र दिसतच नव्हतं. ते ठेवून झाल्यावर मी भूतानचा याक उचलला. केसाळ, रागीट, मान खाली घातलेला.

"हा ईरप्पा," सर म्हणाले. "आमच्या पलीकडं. पण मधी एक जागा सोडा."

"मधी कुणाचं घर?"

"घर न्हाई. भिंत."

दोन्ही घरांत एकच भिंत होती, दगडमातीची, दोन हात जाड. ईरप्पाचं म्हणणं, भिंत फुगून पोटात आलीय, पाडून विटांची बांधू. सरांचं म्हणणं, बापानं बांधलेली भिंत, हात लावायचा नाही. शब्दाला शब्द वाढला, औशाच्या कोर्टात गेला. एका आडाचं पाणी भरणारी दोन घरं, बोलणं बंद. "चार पावसाळे त्याचं तोंड बघितलं न्हाई मी," सर म्हणाले. "मग भिंतीनंच निकाल दिला. निम्मी त्याच्यावर, निम्मी आमच्या घरात." ते पडद्याकडंच बघत होते. "त्याचं बरोबर होतं, दिलीपराव. पोटात आली होती भिंत. मला दिसत होतं की."

मी जागा सोडली.

पावसाळा सरला तशी सरांची बोटं अडखळायला लागली. एखाद्या तिकिटावर बोट थांबायचं आणि ते मलाच विचारायचे, "हे कोण ओ?" मला काय ठाऊक? मी जुनी पानं ठेवली असती तर जागा बघून गावच्या कुणीही सांगितलं असतं. तिरकं घर कुठलं, ते तर मी सरळ करून टाकलं होतं. मशिदीमागच्या गल्लीत फक्त दोन घरं उभी राहिली, बाकी पांढरं.

एका रविवारी मला राहवेना. मशीन बंद केलं, खुर्ची त्यांच्यासमोर ओढली आणि म्हणालो, "सर, व्हायरस वगैरे काही नव्हतं. मीच केलं ते. तुमची पानं मीच पुसली आणि खोटं बोललो."

त्यांनी माझ्याकडं मायेनं पाहिलं. "कसली पानं?"

"अल्बमची. गावाची."

"गाव तर भूकंपानं पडलं." त्यांनी माझ्या गुडघ्यावर थापटलं. "तुमी तवा लहान असाल. घाबरू नगा. बसवून देऊ पुन्हा."

ज्यांची माफी मागायची त्यांना गुन्हाच आठवत नाही. मग ती माफी कुठं ठेवायची? शमीमला मी सांगितलं, ती म्हणाली, "मला तर त्याच दिवशी कळलं होतं." म्हणून हे इथं लिहितो आहे. दुसरं काही नाही.

मागच्या रविवारी सर आले ते शमीमचा हात धरून. पडद्यावर पहिली गल्ली उघडली. ते बघत राहिले आणि कपाळाला आठी पडली.

"हे असं लांब कामून बसवलं? हा आमचा ईरप्पा ना?"

"हो सर."

"मग? त्याचं घर आमच्या घराला लागून हाय. सरकवा इकडं."

"सर, मधी भिंत..."

"कसली भिंत?" ते खरंच चकित झाले होते. "आमच्यात कवाच भिंत नव्हती."

मी शमीमकडं पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. गाव जसंच्या तसं बसवून देईन, असा शब्द मी तिला दिला होता. मी याक उचलला आणि सरकवत सरकवत त्या काळ्या शिक्क्याच्या तिकिटाला टेकवला, मधी पांढरी रेघसुद्धा दिसणार नाही असा. आणि फाईल सेव्ह केली.

"आता बरं हाय," सर म्हणाले. "हिकडनं हाक मारली की तिकडं ऐकू जातंय." मग पुढं वाकून, शेजाऱ्याला मारतात तशी, त्यांनी हाक मारली, "ईरप्पा! जेवलास का?"

आणि मान जरा कलती करून ते ऐकत बसले.