शेठची गाडी आणि हर्षलाच्या फळ्या

आपल्या मुलीचा रक्तगट कोणता, हे विलासला बायकोला विचारल्याशिवाय सांगता यायचं नाही. पण परदेशी स्पोर्ट्स कारचा विषय काढा, की माणूस सुटलाच म्हणून समजा! इंजिन पुढं न ठेवता सीटच्या मागं का ठेवतात, पत्र्याऐवजी कार्बन फायबर का वापरतात, पळत्या गाडीला वाराच कसा रस्त्यावर दाबून धरतो, सगळं तोंडपाठ. हे शिक्षण झालं चौक गावच्या नाक्यावर, स्वतःच्या इको व्हॅनमध्ये बसून, भाड्याची वाट बघता बघता, मोबाइलवर.

"गाडी जेवढी खाली तेवढी भारी," तो नाक्यावरच्या पोरांना सांगायचा. "जमिनीला धरून पळती ती. उंच काय, बैलगाडीबी असती."

हे वाक्य जरा ध्यानात ठेवा.

लग्नाआधी हर्षलाला बघायला गेला, तेव्हाही पोह्यांची बशी हातात धरून त्यानं हाच विषय काढला होता. "एक दिवस तुला असल्या गाडीतून तुमच्या गावावरनं नेईन," म्हणाला. त्या वेळी त्याच्याकडं सायकल होती, आणि तीही भावाची. हर्षला हसली, पण विसरली नाही. तोही विसरला नाही. पुढं सायकलची इको झाली, पोरगी शाळेत जायला लागली. पण हायवेवरून तसली एखादी गाडी गर्जत लोणावळ्याकडं निघाली की नवराबायको दोघंही बोलता बोलता थांबायची, आणि आवाज पार विरेपर्यंत गप्प बसायची.

एका रविवारी दोघं इकोनं हर्षलाच्या माहेरी निघाली होती. लोधिवलीजवळ आतल्या रस्त्याला वळली, तर समोर शेठ! हे मुंबईचे शेठ. त्याच रस्त्याच्या टोकाला त्यांचं फार्महाउस, आणि तिथले पाहुणे ने-आण करायचं काम विलासकडं. शेठ रस्त्यात उभे होते आणि त्यांची नवीकोरी, हळदीसारखी पिवळी स्पोर्ट्स कार पहिल्याच स्पीडब्रेकरवर पोट टेकून बसली होती.

आता त्या रस्त्यावरचे स्पीडब्रेकर म्हणजे सरकारी कमी आणि घरगुती जास्त. ज्याच्या घराचा स्लॅब ओतून होईल, त्यानं उरलेला सिमेंटचा माल दारापुढं रस्त्यावर ओतायचा, असा तिथला रिवाज. घर जेवढं मोठं, तेवढा ब्रेकर उंच.

गावातल्या माणसांनी गाडी उचलून पलीकडं ठेवली. शेठ घामानं निथळत होते.

"विलास, फार्महाउसवर भटजी येऊन बसलेत. गाडीची पूजा आहे, मुहूर्त टळतोय. तुझी इको दे मला, मी पुढं होऊन त्यांना थांबवतो. ही तू मागून आण. हळू आण. आणि ओरखडा जर आला ना..."

शेठनी वाक्य पुरं केलं नाही, पण विलासला ते पुरं ऐकू आलं. शेठ इकोत बसले आणि पुढचा ब्रेकर टुणकन ओलांडून गेलेसुद्धा.

विलास हातातल्या चावीकडं बघत राहिला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला, ते असं भर रस्त्यात ओंजळीत येऊन पडलं होतं. आणि पुढं हर्षलाचं माहेर! तो बायकोकडं वळला.

"हर्षले, बस."

दार पंखासारखं वर गेलं. हर्षला आत बसली, म्हणजे जवळजवळ निजलीच.

"अवो, आपण खाली रस्त्यावर बसलोय का?"

"यालाच डिझाइन म्हनत्यात."

त्यानं गाडी सुरू केली. पाठीमागं इंजिन असं गुरगुरलं, की हर्षलानं गळ्यातल्या मंगळसूत्रावर हात ठेवला. मग ती हळूच हसली. लग्नाआधीचं, त्या पोह्यांच्या वेळचं हसू. विलासला वाटलं, आता देवानं काही दिलं नाही तरी चालेल.

देवानं लगेच ब्रेकर दिला. खर्र करून खालून आवाज आला. विलासनं गाडी मागं घेतली.

"हर्षले, जरा उतरतीस?"

"माज्या वजनानं टेकली व्हय ती?"

"तुज्या नाय गं. दोघांच्या."

"मग तुमी उतरा."

पण चालवायची कुणी? शेवटी हर्षलाच उतरली. तरीही गाडीचं पोट टेकतच होतं. बाजूला एका घराचं बांधकाम चालू होतं. तिथून हर्षलानं सेंट्रिंगच्या लांब फळ्या मागून आणल्या आणि चाकांपुढं उताराच्या टाकल्या. गाडी अलगद पलीकडं गेली. विलासला वाटलं, जिंकलं! पण फळ्या पुढच्या ब्रेकरपर्यंत न्यायच्या कशा? डिकी पुढच्या बाजूला, आणि तिच्यात पोळ्यांचा डबासुद्धा आडवा करूनच बसला असता. हर्षलानं पदर खोचला, फळ्या डोक्यावर घेतल्या आणि चालायला लागली.

तेव्हापासून वरात अशी निघाली: पुढं फळ्या घेऊन हर्षला, मागं पिवळी गाडी, आणि दोन्ही बाजूंना मोबाइल वर धरलेली गावातली माणसं. फळीला हात लावायला एकही पुढं येईना. शूटिंग कोण करणार मग?

कॅनॉलपाशी मात्र रस्ता सरळ झाला. मोकळा, गुळगुळीत, एकही घर नाही. तिथं हर्षला दमून मागं पडली होती. विलासनं पाय जरासा दाबला. नुसता जरासा! गाडी अशी उसळली, की त्याची पाठ सीटला चिकटली. पाठीमागून तो आवाज आला, जो त्यानं आजवर दुसऱ्याच्या गाडीचा, लांबून, विरताना ऐकलेला. अजून थोडं दाबलं असतं तर काय झालं असतं, हे विलास मरेपर्यंत मनात घोळवणार आहे. पण त्याची नजर आरशात गेली. आरशात हर्षला एवढीशी दिसत होती, डोक्यावर फळ्या, चांगली साडी घोट्याच्या वर खोचलेली.

त्यानं पाय काढला आणि गाडी थांबवून बसून राहिला.

हर्षला धापा टाकत आली. "थांबलात का? जायचं ना पुढं."

"फळ्या तुज्याकडं हायत," विलास म्हणाला. खरं बोलायला त्याला लाज वाटली.

आणि मग माहेर आलं. सासऱ्याच्या दारातला ब्रेकर रस्त्यावर सगळ्यात उंच, कारण तो खुद्द विलासनं घातलेला, जावई म्हणून हात जरा सैल सोडून! फळ्या लावल्या तरी गाडी अर्ध्यावर चढली आणि तिथंच पोटावर बसली. पुढं जाईना, मागं येईना. अख्खी भावकी गोळा झाली. हर्षलाची चुलती भागूबाई कमरेवर हात ठेवून पुढं आली.

"बंद पडली व्हय रं जावईबापू?"

"नाय काकी, अशीच असती ही. खाली असती."

"एवढी मोठी गाडी आनलीस आन् पोरीला चालवीत आनलीस?"

भावकीनं गाडी उचलून मागं घेतली, भागूबाईनं पहार आणून विलासच्या हातात दिली, आणि विलासनं स्वतः घातलेला ब्रेकर सासुरवाडीच्या डोळ्यांदेखत स्वतःच फोडला. माल चांगला वापरला होता. फुटता फुटेना!

ऊन कलल्यावर वरात फार्महाउसला पोचली. फाटकात इको उभी होती. तिच्या तोंडाला झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. मुहूर्त टळायला लागल्यावर भटजींनी समोर जी गाडी होती तिची पूजा उरकली होती.

शेठची मुलगी रिया धावत आली. फळ्या, हर्षला, विलासचा अवतार, सगळ्याकडं तिनं एकदा बघितलं.

"काका, तुम्ही नाक वर करायचं बटण नाही दाबलंत?"

तिनं आत वाकून बटण दाबलं. पाण्यातली म्हैस डोकं वर काढते, तसं गाडीनं पुढून सावकाश नाक उचललं.

"हे मला कुणी सांगितलं नाही," शेठ म्हणाले.

"बाबा, शोरूममध्ये सांगत होते तेव्हा तुम्ही फोटो काढत होतात."

विलासनं बघितलेल्या एकाही व्हिडिओत रस्त्यावर घरगुती ब्रेकर नव्हता, त्याचा तरी काय दोष? हर्षलाकडं बघायची मात्र त्याची छाती झाली नाही. तिनं फळ्या भिंतीला टेकवल्या आणि हात झटकले.

"तुझी गाडी काय मस्त आहे रे विलास," शेठ मनापासून म्हणाले. "कशी उंच, ऐसपैस. रस्त्याचं काही वाटतच नाही!"

परतताना फळ्या ज्याच्या त्याला द्यायला मागं टाकल्या होत्या. हाराचा झेंडू वाऱ्यानं काचेवर आपटत होता. फार्महाउसचं फाटक मागं पडलं, तेव्हा हर्षला बाहेर बघत म्हणाली, "आत बसल्यावर ती गाडी पाठीत गुरगुरत व्हती ना, ते लई बरं वाटत व्हतं."

विलासनं आता कुठं तिच्याकडं बघितलं. "तू उतरलीस म्हनून पोचली ती. नायतर..."

"शेठ परत कदी येनार?"

"आता नाक वर करून येतील," विलास म्हणाला.

सासऱ्याचं घर आलं. ब्रेकर गेला होता, त्या जागी आता खड्डा होता. विलासचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला आणि इको थांबली.

हर्षलाचा हात दाराच्या कडीवर गेला होता.

"उतरू का, फळ्या टाकायला?"