घाटोळेकाकांचा अर्जंट ट्रंक

घाटोळेकाका कुणाशीही सलग तीन मिनिटांपेक्षा जास्त बोलल्याचं मला आठवत नाही. तीन मिनिटं झाली की ते मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं घड्याळ बघायचे आणि विचारायचे, "तीन मिनिटं झाले. वाढवता का?" आपण "हो" म्हटलं की पुढची तीन मिनिटं मिळायची. बोलणारा रडवेला झालेला असो नाहीतर विनोदाच्या शेवटच्या वाक्यावर आलेला असो, काकांना त्याच्याशी घेणंदेणं नसायचं. गल्लीतल्या एका सत्यनारायणात त्यांनी भटजींनासुद्धा अध्यायाच्या मधोमध हाच प्रश्न विचारला होता. भटजी मुकाट्यानं "वाढवा" म्हणाले, कारण साधुवाण्याची नाव बुडायची अजून बाकी होती.

काकांनी टेलिफोन खात्यात तीस वर्षं ट्रंक कॉल जोडले होते. रिटायर झाल्यावर घरी फोन मिळाला. मी सांगतोय ती चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरची गोष्ट असेल. आमच्या प्रतापनगरात तेव्हा घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त, आणि अख्ख्या गल्लीत फोन हा एकच. आम्ही सगळेजण तो नंबर आपलाच असल्यासारखा पत्रिकांवर छापायचो आणि पुढे 'पी.पी.' लिहायचो. म्हणजे फोन शेजारी आहे, बोलावून देतील. बोलावून द्यायला काका बनियनवर रस्त्यावर यायचे आणि "भोयरजीऽऽ, अमरावतीऽऽ!" असं ओरडायचे. भोयरजी म्हणजे आमचे बाबा. काकू जाऊन सात-आठ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दिवसभर फोनशेजारी खुर्ची टाकून, समोर निरोपांचं रजिस्टर उघडून ते बसलेले असायचे.

त्या मे महिन्यात एका गुरुवारी संध्याकाळी आंधी आली. नागपूरला आंधी नवी नाही, पण ही जरा जास्तच मन लावून आली होती. आमच्या मागच्या घराचे टिनाचे पत्रे उडून आमच्या अंगणात आले, आणि आमचा कूलर कुणाच्या अंगणात गेला ते दोन दिवस कळलं नाही. विजेचे खांब आडवे झाले, टेलिफोनच्या तारा तुटून बाभळींवर लोंबायला लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीचा संसार उघड्यावर आला. पंखे बंद म्हणून खाटा बाहेर, नळ बंद म्हणून बादल्या विहिरीवर, आणि पीठगिरणी बंद म्हणून दोन्ही वेळा भात. बायका तक्रार करत होत्या, पण खरं सांगायचं तर सगळ्यांना थोडी मजाही वाटत होती. हाल होत होते ते एकट्या काकांचे. ते दर पाच मिनिटांनी रिसीव्हर उचलून कानाला लावत, ऐकत, आणि झोपलेल्या मुलाला ठेवावं तसा हलकेच खाली ठेवत.

दुपारी ते सायकल काढून बाहेर पडले आणि जाहीर केलं, "लाईन बंद आहे, सर्विस बंद नाई. बोला, कोणाले कोठी बोलाचं आहे?"

आम्हाला वाटलं, म्हातारा निरोप पोचवणार. चांगलं आहे. पण काका निरोप्या नव्हते, ते फोन झाले होते. ज्याच्याकडे जायचं त्याच्या दारात ताठ उभे राहून आधी "ट्रिंग ट्रिंग" म्हणायचे. समोरच्यानं "हॅलो" म्हटल्याशिवाय पुढचा शब्द काढायचे नाहीत. मग पाठवणाऱ्याचं बोलणं त्याच्याच आवाजात, त्याच्या खोकल्यासकट. समोरच्या मठ्ठेकाकू चिडून माहेरी इतवारीला गेलेल्या, तर त्यांच्या यजमानांनी पाठवलेली माफी काकांनी इतकी मनापासून मागितली, की काकू त्याच पावली परत आल्या. मात्र त्याआधी एक घोळ झाला. इतवारीच्या त्या बोळात काका पहिल्यांदा भलत्याच दारात उभे राहिले. एका कापडवाल्यानं दार उघडून "हॅलो" म्हटलं. काका "राँग नंबर" म्हणाले, सायकल वळवली, आणि तिथून थेट प्रतापनगरला परत आले. बरोबरचं घर चार पावलांवर होतं!

"अहो, मग तिथंच समोर जायचं ना," मी म्हणालो.

"राँग नंबर लागला तर डायल पयल्यापासून फिरवा लागते," काका घाम पुसत म्हणाले, आणि पुन्हा इतवारीला गेले.

हे सगळं हसत बघणाऱ्या आमच्या घरात एक धास्ती होती. माझ्या बहिणीला, नलूला, नरखेडकडच्या रेवतकर पाटलांकडचं स्थळ आलं होतं. संत्र्याचा मोठा बगीचा, मुलगा बी.एस्सी. ॲग्री, आणि मुख्य म्हणजे तो नलूला फार आवडला होता. ती बोलली नव्हती, पण पाहुणे बघून गेल्यापासून वरणात दोनदा मीठ पडत होतं. मुलाकडच्यांना मुलगी पसंत होती. आमचा होकार आम्ही रविवारी अकरापर्यंत नरखेडच्या आडतीवर फोन करून कळवायचा, असं ठरलेलं. वरूडचं एक स्थळही तयार होतं, ते पाहुणे रविवारी तिथंच येऊन बसणार होते. अकरापर्यंत आमचं कळलं तर नलू, नाहीतर वरूडची मुलगी.

आणि फोन बंद. तारही बंद. मी म्हटलं, "मी जाऊन सांगून येतो." मुलाकडच्यांनी मला पाहिलंही नव्हतं, कारण ते आले तेव्हा मी ऑफिसच्या कामानं चंद्रपूरला होतो.

"बिलकूल नाई," बाबा म्हणाले. "मुलीकडचे एस्टीत बसून होकार सांगाले पळत आले म्हटलं, का त्यायच्या मागण्या वाढल्याच समज!"

नलू आत गेली आणि तिनं उगाचच घासलेली भांडी पुन्हा घासायला काढली. तो आवाज ऐकून की काय, काका दारात उभे राहिले.

"भोयरजी, तुमी नका जाऊ. ट्रंक बुक करा."

"लाईन कोठी आहे जी?"

"लाईनीचं मी पाहतो. ऑर्डिनरी का अर्जंट?"

"म्हणजे?"

"ऑर्डिनरी पॅसेंजर गाडीनं जाते. अर्जंट एस्टीनं."

बाबांनी अर्जंट सांगितला. काका खुर्चीत डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "बोला." बाबांनी घसा खाकरला. "रेवतकरजी, नमस्कार. आमचा होकार आहे. साखरपुडा घरच्या घरी करू." तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून ओरडली, "साड्यायचं विचारा न!" बाबा तिच्यावर खेकसले, "थांब वं, पयले हो तर म्हणू दे! म्हातारा मोठा चिकट दिसते, पण पोरगा सोन्यासारखा आहे. हातचा जाऊ द्याचा नाई."

काकांनी मान डोलावली. "झालं? ठेवा."

रविवारी पहाटेच्या एस्टीनं काका निघाले. मला सोबत घेतलं, ते एका अटीवर. "तू तार आहेस. तार बोलत नसते." रस्त्यात ठिकठिकाणी झाडं पडलेली, एस्टी शेतातून वळसे घेत चाललेली. काटोलच्या पुढे एका बैलगाडीनं पाऊण तास रस्ता अडवला. मी घड्याळ बघून तळमळत होतो. काका शांत होते. मी काही बोलायला गेलो की ओठांवर बोट ठेवायचे.

आडतीवर पोचलो तेव्हा अकराला दहा कमी होते. गादीवर रेवतकर पाटील लोडाला टेकून बसलेले, शेजारी वरूडचे दोन पाहुणे, चहाच्या कपबशा रिकाम्या झालेल्या. कोपऱ्यात आडत्याचा फोन मुका पडलेला. काका सरळ पाटलांसमोर गेले, टाचा जुळवल्या, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "ट्रिंग ट्रिंग."

आडत्याचा माणूस हातातलं तागडीचं पारडं धरून तसाच उभा राहिला.

"कोण गा तुमी?" पाटील म्हणाले.

"ट्रिंग ट्रिंग."

"अरे, काय पाहिजे?"

"नागपूरहून अर्जंट ट्रंक आहे जी. हॅलो म्हना."

पाटलांनी वरूडकडच्यांकडे पाहिलं, आडत्याकडे पाहिलं, आणि मग सवयीनं काय झालं देव जाणे, तीन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी ट्रंक कॉलच्या पट्टीत हाक मारली, "हॅल्लोऽ! कोण बोलून राहिलंऽ?"

काका बाबांच्या आवाजात बोलायला लागले. नमस्कार गेला, होकार गेला, साखरपुडा गेला. माझा जीव भांड्यात पडला. आणि मग काकांनी आवाज बारीक केला. "साड्यायचं विचारा न!"

पुढे काय आहे ते मला आठवलं. मी काकांच्या सदऱ्याला मागून हिसका दिला. त्यांनी तो झटकला. तीस वर्षांत त्यांनी एकाही माणसाचा एकही शब्द गाळला नव्हता.

"थांब वं, पयले हो तर म्हणू दे! म्हातारा मोठा चिकट दिसते, पण पोरगा सोन्यासारखा आहे. हातचा जाऊ द्याचा नाई."

वरूडचे पाहुणे आनंदानं सावरून बसले. पाटलांचा चेहरा संत्र्यासारखा झाला. नलूचं लग्न माझ्या डोळ्यांदेखत मोडत होतं आणि मी तार होतो.

तेवढ्यात काकांनी घड्याळ पाहिलं. "तीन मिनिटं झाले. वाढवता का?"

पाटलांच्या मिशा हलल्या. आधी मला वाटलं रागानं, पण ते हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला. मांडीवर थाप मारून ते ओरडले, "वाढवा! सांगा भोयरजीले, का चिकट म्हातारा बोलून राहिला! साड्या आमच्याकडून! अन् सांगा, का तोंडावर गोड बोलणारे लय भेटले, मांगून बोललेलं असं तोंडावर आणून देणारं घर पयल्यांदा भेटलं!"

वरूडचे पाहुणे चहा पुन्हा यायच्या आत उठले.

घरी आल्यावर काकांनी आमच्या दारातही आधी ट्रिंग ट्रिंग केलं. बाबांनी हॅलो म्हटलं. "चिकट म्हातारा बोलून राहिला" हे ऐकताच बाबा मटकन खाली बसले, आणि बाकीचा कॉल त्यांनी जमिनीवरूनच घेतला. नलू दारामागे उभी राहून रडत होती आणि हसत होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. काखेतल्या रजिस्टरमध्ये 'नरखेड, अर्जंट, पूर्ण' असं लिहिलं आणि घरी गेले.

बारा दिवसांनी तारा जोडल्या गेल्या. गल्ली पुन्हा काकांना विसरली. म्हणजे फोन आला की आठवण, नाहीतर नाही. यात मीही आलो. जूनमध्ये लग्न झालं आणि नलू नरखेडकडे गेली.

पुढे श्रावणात एका रविवारी सकाळी मी काकांकडे पेपर वाचत बसलो होतो. फोन वाजला. ट्रंकवर सगळेच ओरडून बोलायचे, त्यामुळे नलूचा आवाज मला खुर्चीतून ऐकू आला.

"नलू? थांब बाई, बोलावतो तुह्या आईले," असं म्हणत काका उठलेच.

"आईले नका बोलावू! तुमच्याशीच बोलाचं आहे, काका."

काका थांबले. त्यांनी रिसीव्हर या कानावरून त्या कानाला लावला. "कोणासाठी निरोप आहे?"

"तुमच्यासाठी! तुमी जेवले का?"

काकांनी रजिस्टर ओढलं, पेन्सिल घेतली आणि त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'घाटोळे यांस. जेवले का.' मग बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले.

"हॅलो? काका?"

"हाव, ऐकून राहिलो," ते म्हणाले. "नाई जेवला तो अजून. एकट्यासाठी स्टो पेटवाचा कंटाळा येते त्याले. चिवडा खाऊन घेते."

मला इतकं वाईट वाटलं आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की पेपर तसाच टाकून मी उठलो. चार वर्षं मी रोज त्या खुर्चीत बसून फुकट पेपर वाचत होतो आणि त्या माणसाला एकदाही हे विचारलं नव्हतं.

घरी आलो. आई पोळ्या लाटत होती. म्हटलं, "काकांचंही पान घे आज." आईनं कशाला म्हणून विचारलं नाही, कणीक थोडी जास्त भिजवली. पानं वाढून, काकांना खिडकीतून हाक मारून आम्ही बसलो. वरण निवत आलं, तेव्हा बाबा खिडकीशी जाऊन बघून आले.

"येऊन राहिले का?" आईनं विचारलं.

"नाई," बाबा म्हणाले. "अजून फोनवरच आहेत."