निळं रिंगण आणि चूलबंद आवतण

"रविवारी दुपारी आपल्या हॉटेलात बसायला जागा मिळणार नाही! लोक बाहेर उभे राहतील, बघच तू!"

जयदेवने हे जाहीर केलं शुक्रवारी संध्याकाळी, आठ रिकाम्या टेबलांच्या मधोमध उभं राहून. ऐकायला त्याची बायको भाग्यश्री होती आणि एक मांजर. मांजराने निदान मान तरी वर केली. भाग्यश्री कोळंबी सोलत होती, ती सोलतच राहिली.

"उभे राहतील, खरंय," ती म्हणाली. "समोर बसथांबा आहे."

जुईनगर स्टेशनपासून चार मिनिटांवरचं हे 'खाडीची चव' उघडून तीन महिने झाले होते. जयदेव मूळचा सारसोळ्याचा कोळी. बारा वर्षं त्याने एका कुरियर ऑफिसात पाकिटांवर शिक्के मारले, आणि बाराही वर्षं खिडकीबाहेर बघून एकच स्वप्न पाहिलं. स्वप्नात लोक त्याच्या टेबलांवर बसायचे, बोंबलाचा पहिला घास तोंडात घालायचे आणि डोळे मिटून "आई गं!" म्हणायचे. काही वर्षांनी स्वप्नात काचेचा दरवाजा आला. मग दरवाजाबाहेर ताटकळणारी गर्दी आली. इतकं सगळं आल्यावर नोकरी सोडण्याशिवाय गत्यंतरच नव्हतं!

प्रत्यक्षात दिवसाला तीन गिऱ्हाइकं यायची, त्यातलं एक पत्ता विचारायला.

गाळा होता धोंडूबाईचा, म्हणजे जयदेवच्या आत्याचा. आत्या नेरुळच्या बाजारात मासळी विकायची. तिने हाक मारली की पलीकडच्या सेक्टरातली माणसं पिशव्या घेऊन निघायची! तिने गाळा भाच्याला मायेने दिला होता, पण गेल्या सोमवारी ती आली, एकेका टेबलावर बोट फिरवून धूळ बघितली आणि म्हणाली, "जयदेवा, येत्या रविवारी ही आठ टेबलां भरलेली दिसली पायजेत. नाय दिसली, तं सोमवारी चावी माज्या कमरंला. बर्फवाला कमळाकर रोज इचारतंय."

आत्या बोलली की बोलली. म्हणजे सोमवारपासून जयदेवच्या स्वप्नातल्या काचेच्या दरवाजाच्या जागी बर्फाच्या लाद्या रचल्या जाणार होत्या. या विचाराने त्याला भर उन्हात थंडी वाजायची.

उपाय सुचवला शेजारच्या मोबाईल दुकानवाल्या कल्पेशने.

"जयदेवभाई, पत्रकं वाटायचे दिवस गेले. आता नकाशावर रिंगण मारायचं! त्या रिंगणात ज्याच्या खिशात फोन, त्याला जेवायच्या वेळेला टिंग! इथे चार सोसायट्या आहेत, दोन बँका आहेत. सगळे तुझे!"

"आणि थाळीचा भाव कुठे लिहायचा?"

"कुठेच नाही! भाव वाचला की माणूस विचार करतो, आणि विचार केला की घरी वरणभात खातो. तू काळजाला हात घाल. टेन्शन नको घेऊ."

काळजाला हात घालायचा तर जयदेवला एकच जागा माहीत होती. शनिवारी दुपार कलल्यावर तो सारसोळ्याच्या जेटीवर गेला आणि वडिलांच्या जुन्या होडीत आडवा झाला. वडील गेल्यापासून होडी चिखलात एका कुशीवर पडून होती. पण भरतीचं पाणी खालून आलं की ती अजून जराशी हलायची, झोपेत कूस बदलल्यासारखी. वर ढग सावकाश चालले होते. जयदेवला ते ढग नव्हते दिसत, फोन दिसत होते! जुईनगरच्या प्रत्येक खिडकीत एकेक फोन हळूच उजळतो आहे, त्यातून तळलेल्या सुरमईचा वास येतो आहे, आणि माणसं चपला न घालताच जिना उतरताहेत. या धुंदीत त्याने अंगठ्याने लिहिलं :

*रविवारी घरी चूल पेटवू नका! लहानथोर सगळे जेवायला या. वाट बघतो. तुमचाच जयदेव.*

स्वतःचंच वाक्य वाचून त्याचे डोळे पाणावले. टॉवरमधल्या माणसाला 'चूल' या शब्दाने कसं गावाकडचं वाटेल!

मग फोनने अदबीने विचारलं, "सध्याचं ठिकाण वापरायचं का?"

"वापर, बाबा," जयदेव म्हणाला. इतक्या नम्रपणे विचारल्यावर नाही कसं म्हणणार?

नकाशावर एक निळं रिंगण उमटलं आणि मोठं होत गेलं. लहानपणी वडील पाण्यावर पाग फेकायचे, ते जाळं असंच उघडायचं. त्या आठवणीने जयदेवने डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच 'प्रसिद्ध करा'वर अंगठा ठेवला. डोळे उघडे असते, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

रविवारी भाग्यश्रीने चाळीस माणसांचा स्वयंपाक केला. "तिसांचं उरेल, ते आपण आठवडाभर खाऊ," असं म्हणून केला, पण हात आखडला नाही. जयदेवने टेबलं चारदा पुसली. दहा वाजता फोन वाजला : 'तुमची जाहिरात १८६ जणांनी पाहिली!' अकरा वाजता : '३१२ जणांनी पाहिली!'

"भाग्या, तीनशे बारा!"

"बघायला काय जातंय," भाग्यश्री म्हणाली. पण तिने गुपचूप आणखी तांदूळ धुतले.

साडेबाराला दारात टेम्पो थांबला. त्यातून उतरली सारसोळ्याची राजाबाई. ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, गळ्यात सगळं सोनं. तिच्यामागून दोन मुलगे, दोन सुना, पाच नातवंडं आणि काठी टेकत तिचा नवरा. दुसऱ्या टेम्पोतून पाटलांची आळी उतरली, तिसऱ्यातून देवळामागची. चौथ्या टेम्पोतून भैरू त्याच्या बेंजो पार्टीसकट उतरला आणि त्याने उतरताच वाजवायला सुरुवात केली!

जयदेव हात जोडून उभा होता. पहिल्यांदा त्याला वाटलं, गावात कोणाचं लग्न आहे आणि वरात इकडे चुकली. तेवढ्यात रिक्षातून आत्या उतरली.

"आत्या, हे सगळे इकडे कसे?"

"कसे म्हंजे? आवतन तूच धाडलंस ना रं? चूलबंद!"

जयदेवने खिशातून फोन काढून आपलंच वाक्य पुन्हा वाचलं.

सारसोळ्यात जेवणाचं आवतण दोन प्रकारचं असतं. साधं आवतण आलं, तर घरटी एक माणूस जातो. पण चूलबंद आवतण आलं, तर त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. तान्ह्या बाळापासून अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यापर्यंत सगळं घर जेवायला जातं. असं आवतण माणूस आयुष्यात एकदोनदाच देतो, मोठ्या आनंदाला. आणि अशा जेवणाला कोणी पैसे मागितल्याचं सारसोळ्याच्या चार पिढ्यांत कोणी ऐकलेलं नाही!

"पन बरा केलास," आत्या आवाज उतरवून म्हणाली. आत्याचा उतरलेला आवाज फक्त बसथांब्यापर्यंत गेला. "तीन मयने झालं, गावाला जेवाला न घालता शटर उघडलंस. गाव बोल्ला नाय, पन मनात ठेवलंन."

"म्हणून गावातलं कोणी इकडे फिरकलं नाही?"

"आवतन नाय तं येवाचं कसं? गाव काय भिकारी हाय?"

जयदेव धावत स्वयंपाकघरात गेला आणि त्याने भाग्यश्रीपुढे फोन धरला. तिने हात पुसले, नकाशा बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिली.

"हे रिंगण कुठे बसून मारलंत?"

"होडीत."

"ही जेटी. ही आपली आळी. हे देऊळ. जुईनगर यात कुठेच नाही. आणि हा अर्धा भाग नुसती खाडी आहे. अवो, तुम्ही माशांना माशांची जाहिरात केलीत!"

"बाहेर जाऊन सांगू का? की चूक झाली, थाळीचा भाव असा असा..."

भाग्यश्रीने पडदा जरा बाजूला केला. राजाबाई नातवाचं नाक पदराने पुसत होती. गावात साठ चुली थंड पडल्या होत्या. इथून यांना परत पाठवलं, तर सारसोळ्यात तोंड दाखवायची सोय नव्हती. आणि जेवायला घातलं, तर गिऱ्हाइकांना वाढायला काही उरत नव्हतं. म्हणजे उद्या कमळाकरचा बर्फ!

"तीन महिने मी वाट बघतेय," ती एकदम म्हणाली, "की माझ्या सासरचं एक तरी माणूस येईल आणि माझ्या हातचं खाऊन काहीतरी बोलेल. आज सगळं गाव आलंय. मी बिल मागणार नाही. पानं मांडा!"

पानं मांडली. चाळीस माणसांचं जेवण पहिल्या पंगतीतच संपलं. तेव्हा राजाबाईच्या सुनांनी पदर खोचले आणि न विचारता स्वयंपाकघरात घुसल्या. आळीतल्या आणखी चौघीजणी भाकऱ्या थापायला बसल्या. आत्याने फोनवरून बाजारातल्या दोन टोपल्या मागवल्या, म्हणजे फोन नुसता हातात धरला होता, आवाज तसाही पोचलाच असता! भैरूचा बेंजो पेटला. काचेचा दरवाजा नव्हताच, पण असता तर तो थरथरला असता.

आणि मग ते घडलं. एवढी गर्दी आणि एवढा वास बघून समोरच्या सोसायटीतली माणसं खाली उतरली. एक जोडपं थांबलं, मग एक कुटुंब, मग रविवारीही कामाला जुंपलेले बँकेतले चौघे. बघता बघता दाराबाहेर रांग लागली!

"किती वेटिंग आहे हो?" एकाने विचारलं. त्याच्या हातात पाकीट होतं, फुगीर.

जयदेव दारात उभा होता. आत आठही टेबलं भरलेली, मधल्या जागेत पंगत बसलेली, आणि कोपऱ्यात राजाबाईच्या नवऱ्याने बोंबलाचा घास तोंडात घालून डोळे मिटले होते. "आई गं!" तो म्हातारा म्हणाला. अगदी स्वप्नातल्यासारखा म्हणाला. जयदेवला वाटलं, आपण अजून होडीतच आहोत आणि खालून भरतीचं पाणी येतंय.

"सॉरी," तो म्हणाला. "फुल्ल आहे."

हा शब्द उच्चारायला तो बारा वर्षं थांबला होता. शेवटी उच्चारला, तो पैसे देणाऱ्या माणसासमोर!

जेवणं झाल्यावर आहेर सुरू झाला. प्रत्येक घराने जयदेवच्या हातात टॉवेल आणि डोक्यावर टोपी ठेवली. साठ टॉवेल, साठ टोप्या! मग रीतीप्रमाणे यजमानाने जाणत्या माणसांना टोपी घालून मान द्यायचा. भाग्यश्री बाईच हुशार. पुढच्या दाराने आलेल्या टोप्या ती मागच्या दाराने जयदेवकडे देत राहिली. राजाबाईच्या नवऱ्याला तर त्याने आणलेलीच टोपी परत मिळाली. "अगदी मापाची हाय!" म्हणून तो खूश झाला.

निघताना आत्याने टेबलं मोजली, एक ते आठ, बोट लावून.

"भरली," ती म्हणाली. "गाळा तुजा."

"पण आत्या, एकानेही पैसे..."

"मी पैशाचा बोल्ले का? मी टेबलांचा बोल्ले." मग तिने भाग्यश्रीच्या गालावरून हात फिरवला. "सूनबाय, तुज्या हाताला खाडीची चव हाय गो. बर्फवाला गेला उडत!"

जयदेव तिच्या पायाच पडला. भाग्यश्रीने पडदा ओढून घेतला आणि आत जाऊन रडली, मनसोक्त.

गावालाही भरून आलं होतं. एवढं खाल्लं, तर जयदेवासाठी आपणही काहीतरी केलं पाहिजे! दोन पंगतींत दोनदा जेवलेला कल्पेश तिथेच होता. "फोनवर या हॉटेलला पाच तारे द्या आणि दोन ओळी लिहा," तो म्हणाला. "सगळ्या नवी मुंबईला दिसेल!" सारसोळ्याचं गाव उपकार ठेवून घेणारं नाही. टेम्पोत बसल्या बसल्या अंगठे चालू झाले.

सोमवारी सकाळी जयदेव उठला तोच गाण्याच्या तालावर. फोन एकसारखा वाजत होता. बारा वाजता शटर उघडलं, तर बाहेर खरोखरची रांग! समोरच्या सोसायटीतली, बँकेतली, अगदी ऐरोलीहून आलेली माणसंसुद्धा! तासाभरात आठही टेबलं भरली. एकाही चेहऱ्याची ओळख नाही, म्हणजे सगळी गिऱ्हाइकंच!

"बघ, भाग्या! मी म्हणालो नव्हतो?"

पहिल्यांदा उठला सुगत नावाचा बँकेतला तरुण साहेब, काल रांगेतून परत गेलेला. मनापासून जेवला होता. हात धुऊन तो गल्ल्याशी आला, जयदेवला वाकून नमस्कार केला, आणि तिथेच उभा राहिला.

जयदेव हसला. तोही हसला. जयदेवने बिल पुढे सरकवलं. त्याने ते कुतूहलाने बघितलं आणि अदबीने बाजूला ठेवलं.

"काही हवंय का, साहेब?"

सुगतने थोडं लाजत आपला फोन पुढे केला. वर पाच तारे चमकत होते, आणि खाली राजाबाईच्या नातीने आजीच्या नावाने लिहिलं होतं : *जेवण एक नंबर. पैसे अजिबात घेत नाहीत. देवमाणूस. सगळ्यांनी नक्की जा.* त्याखाली भैरू होता, त्याखाली पाटलांची आळी, त्याखाली सगळं सारसोळं. एकूण एक्केचाळीस जणांनी हेच लिहिलं होतं, आणि सर्वांत वर होता राजाबाईच्या नवऱ्याचा टोपी घातलेला फोटो.

जयदेवने मागे वळून बघितलं. आठही टेबलांवरची माणसं हात धुऊन, फोन खिशात ठेवून, शिस्तीत रांगेला लागत होती.

"नाही, घाई नाही," सुगत हळूच म्हणाला आणि त्याने केसांवरून हात फिरवला. "यात लिहिलंय, निघताना टोपी देतात म्हणून थांबलोय."